मी मोबाईलवाला सांगतोय, आमच्या लेकरांची शाळा उघडा : मुख्यमंत्री, शिक्षणमंत्री आणि टास्क फोर्सला खुलं पत्र

१४ जानेवारी २०२२

मा. मुख्यमंत्री साहेब, शालेय शिक्षणमंत्री वर्षाताई गायकवाड, आणि सरकारला कोरोनावर सल्ला देणाऱ्या टास्क फोर्समधले सगळे डॉक्टर साहेब,

स.न.वि.वि.

आज संक्रांत आहे म्हणून गोड बोलायचा प्रयत्न करतो, किती जमेल ते माहीत नाही. ८ तारखेला रात्री कोरोनाच्या निर्बंधांचा तुमचा आदेश व्हॉट्सअपवर आला. आधी वाटलं फेक असेल, कारण आमच्याकडं दर दोन दिवसाला "शाळा बंद"चा एक फेक मेसेज फिरतोच, पण हा खरा निघाला. शाळा-कॉलेजं १५ फेब्रुवारीपर्यंत बंद, दहावी-बारावीचं बोर्डाचं काम तेवढं चालू. अख्ख्या राज्याला एकच नियम. मुंबईला जो नियम तोच आमच्या गावाला, आणि आमच्या गावाच्या पलीकडं जी चाळीस घरांची वस्ती आहे तिलाही तोच.

मी कोण ते आधी सांगतो. बीड जिल्ह्यातल्या एका बाजारगावात माझं मोबाईलचं दुकान आहे. रिचार्ज, डिस्प्ले बदलणं, सेकंडहँड हँडसेट, पॅनकार्डचे फॉर्म, झेरॉक्स, सगळं एकाच गाळ्यात. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला, मुलगा आठवीला. शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे, म्हणजे मीटिंगला जाऊन सही करतो आणि कधी कधी भांडतो.

आणि हे पण आधीच सांगून टाकतो, शाळा बंद झाल्या की माझा धंदा वाढतो. जून २०२० नंतर जेवढे सेकंडहँड फोन मी विकलेत तेवढे त्याआधी कधीच विकले नव्हते. हेडफोन, चार्जर, टेम्पर ग्लास, डेटाचे जादा पॅक, सगळंच. माझा गल्ला बघून मत बनवायचं असतं तर मी आज तुम्हाला तिळाचे लाडू पाठवले असते. म्हणून म्हणतो, माझं ऐका. ऑनलाइन शिक्षण तुमच्या मीटिंगमध्ये कसं दिसतं मला माहीत नाही, पण ते माझ्या काउंटरवर कसं दिसतं ते मी पावणेदोन वर्षं बघतोय.

तर माझ्या काउंटरवरून काय दिसतं ते ऐका.

घरात फोन एक आणि लेकरं तीन, हे तर तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेलच. पण तो फोन असतो बापाच्या खिशात, आणि बाप सकाळी आठला शेतात किंवा सेंट्रिंगच्या कामावर जातो आणि दिवस मावळल्यावर येतो, तेव्हा ग्रुपवर आलेला सकाळचा अभ्यास रात्री जेवणं झाल्यावर उघडला जातो, तोपर्यंत लहानगं झोपलेलं असतं. मग आई दुसऱ्या दिवशी दुकानात येते आणि म्हणते, "दादा, ह्याच्यात सरांचा अभ्यास दिसंना." मी फोन बघतो तर स्टोरेज फुल. पहिली, चौथी आणि सातवी असे तीन ग्रुप, प्रत्येकावर पीडीएफ, व्हिडिओ आणि वरून गुड मॉर्निंगचे फोटो. मी काहीतरी डिलीट करून देतो. काय डिलीट करू विचारलं तर माऊली म्हणते, "लग्नातले फोटो काढा, अभ्यासाचं राहू द्या." असं एकदा नाही, कितीतरी वेळा झालंय.

दुसरं म्हणजे रिचार्ज. नोव्हेंबरच्या शेवटी दोन कंपन्यांनी रोज दीड जीबीचा २४९ चा पॅक २९९ केला, आणि १ डिसेंबरला तिसरीनं १९९ चा २३९ केला. अठ्ठावीस दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला तेरा वेळा मारावा लागतो, २३९ नं हिशोब करा, तीन हजारांच्या वर जातो. जिल्हा परिषदेच्या शाळेत फी नाही, पुस्तकं फुकट, दुपारी खिचडी असते म्हणून लोक लेकरं घालतात, आणि त्याच लोकांना तुम्ही म्हणताय की शिक्षण चालू आहे, फक्त वर्षाला तीन हजाराचा नेट टाका. पॅक संपला की गुपचूप शाळा सुटते, कुठल्याच हजेरीत ती गैरहजेरी लागत नाही. माझ्या वहीत लागते, कारण कुणाचं रिचार्ज कधी संपलं ते मला माहीत असतं.

तिसरं, फ्री फायर नावाचा मोबाईल गेम. आठवी-नववीची पोरं माझ्याकडं फोन घेऊन येतात, वीस-तीस रुपये हातात देतात आणि गेममधले डायमंड टाका म्हणतात. मी टाकत नाही, पण बाजूच्या चौकात टाकून देणारा आहेच. आई-बापाला वाटतं पोरगं तासाला बसलंय, कारण फोन आडवा धरलाय आणि कानात हेडफोन आहे. आणि सर बिचारे तिकडं एकटेच बोलतायत, ह्यानं व्हिडिओ बंद ठेवलाय कारण "नेट स्लो आहे सर". गृहपाठ म्हणजे काय, तर हुशार पोराच्या वहीचा फोटो ग्रुपवर येतो, बाकीचे उतरवून घेतात आणि त्याचा फोटो सरांना पाठवतात. सर पण काय करणार, वर रिपोर्ट द्यायचा असतो की इतक्या मुलांनी अभ्यास सादर केला.

मास्तरांना मी दोष देणार नाही. आमच्या शाळेतल्या मॅडम पहिल्या लॉकडाऊननंतर वस्तीवर जाऊन देवळाच्या ओट्यावर पोरं बसवायच्या, अंतर ठेवून. पण मध्येच त्यांना "माझे कुटुंब माझी जबाबदारी"च्या सर्व्हेला लावलं, ऑक्सिमीटर घेऊन दारोदार. कुणी चेकपोस्टवर, कुणी रेशन दुकानावर. शिकवायचं सोडून सगळी कामं मास्तरांनी केली आणि तरी लोक म्हणाले की फुकट पगार खातात. दूरदर्शनवर टिलीमिली लागायची, ती चांगली होती हो, माझी मुलगी बघायची. पण टीव्हीला तुम्ही विचारू शकत नाही की हे कसं आलं म्हणून.

आता शाळा उघडल्यावर काय झालं ते सांगतो, कारण मला वाटतं तुमच्यापर्यंत हे आलंच नाही.

माझी मुलगी जून २०२० ला पहिलीत गेली, म्हणजे कागदावर गेली. पहिलीचा वर्ग तिनं आतून बघितलाच नाही. पास होऊन दुसरीत आली. ग्रामीण भागातली पहिली ते चौथी १ डिसेंबर २०२१ ला उघडली तेव्हा ती आयुष्यात पहिल्यांदा वर्गात बसली, थेट दुसरीत. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात समितीला सांगितलं की मी दुसरीचं पुस्तक बाजूला ठेवते, मला क पासून सुरू करावं लागणार आहे, तुम्ही तक्रार करू नका. आम्ही म्हणालो कराच. त्या वर्गातली अर्धी लेकरं अशी की मोबाईलवर बोटानं सराईतपणे वर सरकवतात पण पेन्सिल मुठीत धरतात. जागेवर बसायची सवय नाही, मध्येच उठून घरी निघतात. एक जण तर सुट्टीची घंटा झाल्यावर रडायला लागला, त्याला वाटलं शाळाच परत बंद झाली. (हसू नका, महिन्यानं त्याचं खरं निघालं.)

तिसरी-चौथीची गत वेगळी. त्यांना अक्षरं येत होती, आणि ती गेली. मार्च २०२० ला जे पोरगं दुसरीत वाचायला लागलं होतं ते डिसेंबरात चौथीत बसलंय आणि जोडाक्षर आलं की थांबतंय. गणितात हातच्याची वजाबाकी तर साफच गेलीय. आणि हे एकट्या आमच्या गावात नाही. आमच्या दुकानात झेरॉक्सला येणाऱ्या एका सरांनी मला एका सर्व्हेचा रिपोर्ट दाखवला होता, ज्याँ द्रेझ आणि रितिका खेरा ह्या अर्थतज्ज्ञांनी वगैरे ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरा राज्यं-केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांतल्या जवळपास १,४०० लेकरांचा केलेला. त्यात आपलं राज्यही आहे. खेड्यातली फक्त ८ टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के काहीच शिकत नव्हती. काहीच म्हणजे काहीच. मला तो आकडा वाचून नवल नाही वाटलं, माझी वही तेच सांगत होती.

पण डिसेंबरात दुसरं पण काहीतरी झालं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लेकरं रुळली. मुलगी घरी येऊन पाट्या वाचायला लागली, दुकानाची, एसटी स्टँडची, खताच्या पोत्यावरची. फोनवर दीड वर्ष जे झालं नाही ते चार आठवड्यांत व्हायला लागलं, ते पण मॅडमच्या तोंडाला मास्क असताना, जेव्हा प आणि फ म्हणताना ओठ कसे होतात तेच दिसत नाही. मॅडम म्हणाल्या अजून दोन महिने मिळाले तर मी सगळ्यांना वाचायला लावते. तुम्ही त्यांना महिनाभर दिलात आणि घंटा वाजवलीत.

आता माझ्या तक्रारी. शिव्या नाहीत, आरोप नाहीत, फक्त प्रश्न आहेत, उत्तर द्या.

पहिली तक्रार, तुमच्या यादीतल्या नंबराची. ८ तारखेच्या आदेशात जिम आणि ब्युटी पार्लर बंद होती. लोक ओरडले, ९ तारखेला सुधारित आदेश आला आणि ती ५० टक्क्यांनी सुरू झाली. एका दिवसात. हॉटेलं ५० टक्के, मॉल ५० टक्के, थिएटर ५० टक्के. माझं त्यांच्याशी काही भांडण नाही, त्यांचं पोट त्यावर आहे, माझं दुकान पण चालू आहे. पण ५० टक्के हा नियम जर थिएटरला लागू होऊ शकतो, तर वर्गाला का नाही? अर्धी पोरं सोमवारी, अर्धी मंगळवारी. आमच्या शाळेत वर्हांडा आहे, पटांगण आहे, लिंबाचं झाड आहे, एवढी मोकळी हवा कुठल्या मॉलला आहे सांगा. पार्लरवाल्यांची संघटना आहे, हॉटेलवाल्यांची आहे. दुसरीच्या लेकरांची संघटना नाही म्हणून त्यांचा नंबर शेवटी लागला, दुसरं कारण मला तरी सापडलं नाही.

दुसरी, निवडणूक. येत्या १८ तारखेला राज्यातल्या नगरपंचायतींच्या राहिलेल्या जागांसाठी मतदान आहे. पहिला टप्पा २१ डिसेंबरला झाला. आमच्या जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर, केज, वडवणी ह्या पाच गावांत ही निवडणूक, आमच्याकडचे निम्मे लोक तिकडं प्रचाराला जाऊन येतात. मतदान केंद्र कुठं असतं? शाळेत. म्हणजे ज्या खोलीत दहा लेकरं अंतर ठेवून बसली तर कोरोना होतो त्याच खोलीत दिवसभर रांग लावून माणसं चालतात. निवडणूक घेऊ नका असं मी म्हणत नाही, लोकशाही आहे. पण मग त्या खोलीबद्दल लेकरांना एक नियम आणि मतदारांना एक, हे आम्ही घरी कसं समजावून सांगायचं?

तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त लागलीय. मागच्या जुलैमध्ये तुम्हीच जीआर काढला होता. गावात महिनाभर पेशंट नसेल तर आठवी ते बारावी सुरू करा, सरपंचाच्या अध्यक्षतेखाली कमिटी करा, त्यात तलाठी, ग्रामसेवक, दवाखान्याचे डॉक्टर, मुख्याध्यापक, आमच्या समितीचा अध्यक्ष. १५ जुलैपासून. आमच्या गावात ती कमिटी झाली. लोकांनी भांडून भांडून ठराव केला, एका बाकावर एक पोरगा बसवला, माझा मुलगा शाळेत जायला लागला आणि गावाला पहिल्यांदा वाटलं की सरकारनं आपल्याला शहाणं समजलं. त्याच्या आधी जूनमध्ये तुम्ही कोरोनामुक्त गाव स्पर्धा काढली होती, विभागात पहिल्या गावाला ५० लाख बक्षीस. म्हणजे गाव कोरोना रोखू शकतं हे तुम्हाला मान्य होतं. मग ऑगस्टमध्ये तुमच्याच खात्यानं १७ तारखेपासून शाळा उघडायचं पत्र काढलं, टास्क फोर्सनं नको म्हणलं, लगेच स्थगिती. मग ४ ऑक्टोबरला मोठ्यांची शाळा उघडली, मग १ डिसेंबरला छोट्यांची, आता परत बंद. ते जाऊ द्या, परिस्थिती बदलते. पण जुलैमध्ये ज्या सरपंचावर तुमचा विश्वास होता तो जानेवारीत कुठं गेला? दुसऱ्या लाटेच्या मागोमाग गावाला विचारलं आणि आता, जेव्हा सगळे म्हणतायत की हा ओमायक्रॉन सौम्य आहे, तेव्हा गावाला विचारलंच नाही.

कोरोना खोटा आहे असं म्हणणारा मी नाही. मागच्या एप्रिलमध्ये आमच्या तालुक्यात बेडसाठी लोकांनी काय काय केलं ते मी बघितलंय, माझ्या गल्लीतनं माणसं गेलीत. तेव्हा शाळा बंद होत्या त्याबद्दल इथं कुणी एक शब्द काढला नाही. मुंबईत आठवडाभरापूर्वी दिवसाला वीस हजारांच्या वर पेशंट निघाले, मुंबईनं काय करायचं ते मुंबईनं ठरवावं, त्यांची महापालिका समर्थ आहे. पण आज आमच्या गावात एक पण पेशंट नाही आणि शाळेला कुलूप आहे, हे मला पटत नाही. डॉक्टर साहेब, तुम्हालाच विचारतो. जुलै २०२१ मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, डॉ. बलराम भार्गवांनी सांगितलं होतं की शाळा उघडायच्या तर आधी प्राथमिक उघडा, लहान मुलं हा विषाणू मोठ्यांपेक्षा चांगला झेलतात. त्यांच्याच सर्व्हेत सहा ते नऊ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलांमध्ये तेव्हाच अँटीबॉडी सापडल्या होत्या. आपण बरोब्बर उलटं केलं, मोठे आधी, छोटे सगळ्यात शेवटी. का? कुणी सांगितलंच नाही. तुमची मीटिंग झाली की टीव्हीवर फक्त निर्णय येतो, कारण येत नाही. कारण सांगा ना, आम्ही अडाणी असलो तरी ऐकून घेतो.

चौथी, लस. १५ ते १८ ची लस ३ जानेवारीला सुरू झाली. ह्या पोरांना एका जागी गोळा करायची सगळ्यात सोपी जागा कुठली? हायस्कूल आणि कॉलेज. आठवडा व्हायच्या आत तुम्ही तीच बंद केली. आता आशाताई घरोघरी फिरून विचारतायत की बाळा तू कितवीला आणि आधार कार्ड कुठाय.

पाचवी, एसटी. ही तुमच्या खात्याची नाही म्हणाल, पण सरकार एकच आहे ना? ऑक्टोबरच्या शेवटापासून संप आहे. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांबद्दल मी बोलणार नाही, त्यांचे हाल आम्हाला दिसतात. पण डिसेंबरात शाळा उघडल्या तेव्हा वाडी-वस्तीवरच्या मुली आल्याच नाहीत, कारण यायला गाडीच नव्हती. मुलींना फुकट पास आहे, मानव विकासच्या निळ्या बस आहेत, सगळं आहे आणि डेपोत उभं आहे. पोरगं सायकलवर येतं, काळीपिवळीच्या टपावर बसून येतं. पोरीला कोण पाठवणार? आठवी-नववीची पोरगी पावणेदोन वर्षं घरात बसली की आमच्याकडं काय होतं ते मी लिहायची गरज आहे का? बीड जिल्हा ऊसतोडीसाठी जसा माहितीय तसा बालविवाहासाठी पण माहितीय. एनएफएचएसच्या, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्याच्या, पाचव्या सर्व्हेत आमच्या जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांच्या वर अठराच्या आत लग्न झालेल्या आहेत, आणि तो तर कोरोनाच्या आधीचा आकडा. ऑक्टोबरात मुलाच्या हायस्कूलला हजेरी घेताना काही नावं आली की पोरं नुसती हसायची. सरांनी कारण विचारलं तर म्हणे, "सर, तिचं झालं." तुमच्या शाळाबाह्य मुलांच्या यादीत ती नावं येणार नाहीत, कारण ती सासरी दुसऱ्या जिल्ह्यात आहेत आणि वय आधार कार्डावर काहीही आहे.

ऊसतोडीचं पण तसंच. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या जातात. शाळा चालू असेल तर आजी-आजोबाकडं लेकरू ठेवायला काहीतरी कारण असतं, हंगामी वसतिगृह असतं, दुपारची खिचडी असते. ह्या वेळी टोळ्या निघाल्या तेव्हा पहिली ते चौथी बंदच होती, मग लोकांनी लेकरं गाडीत घातली आणि सोबत नेली. १ डिसेंबरला शाळा उघडली तेव्हा ती सांगली-कोल्हापूरच्या फडात होती. ती मार्च-एप्रिलला येतील. तोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेताना काही जणांनी त्यातूनच माझ्याकडून फोन घेतला होता, अभ्यासाला म्हणून. तो फोन फडात लाइट नाही म्हणून बंद पडलेला असतो.

सेतू अभ्यासक्रमाचं एक सांगायचं राहिलं. १ जुलैपासून ४५ दिवसांचा काढला, मागच्या वर्षीचं राहिलेलं भरून काढायला, मध्ये तीन चाचण्या. कल्पना चांगली, तयार करणाऱ्यांनी मेहनत घेतलेली दिसते. पण फोनमुळं जे बुडलं ते भरून काढायला परत फोनवरच पीडीएफ पाठवली. माझ्याकडं त्याच्या इतक्या झेरॉक्स निघाल्या की टोनर संपला. चाचण्या घरी आईनं आणि ताईनं सोडवल्या. सगळे पास.

तर आता मागण्या. फार नाहीत आणि एकीलाही मोठा निधी लागत नाही.

१५ फेब्रुवारीची वाट बघू नका. शाळेचा निर्णय गावावर आणि तालुक्यावर सोडा, जुलैचा जीआर परत लावा आणि ह्या वेळी तो पहिलीपासून लावा. गावात पेशंट निघाले तर तो वर्ग, ती शाळा आठवडाभर बंद ठेवू, आम्हाला पण आमची लेकरं प्यारी आहेत. पण पेशंट मुंबईत निघाले म्हणून आमची शाळा बंद, हे थांबवा.

इथून पुढं कुठलीही लाट आली तरी शाळा बंद करायच्या आधी बाकीचं सगळं बंद झालेलं असलं पाहिजे आणि उघडताना शाळा सगळ्यात आधी, असं लेखी जाहीर करा. युनिसेफवाले हेच म्हणतायत, मी काही नवीन सांगत नाही.

उन्हाळ्यापर्यंत पहिली ते पाचवीला पोर्शन संपवायची सक्ती करू नका. २५ टक्के अभ्यासक्रम कमी केला म्हणता, पण ज्याला वाचताच येत नाही त्याला उरलेल्या ७५ टक्क्यांचं काय करायचंय? वाचन आणि साधं गणित, एवढंच करू द्या. मास्तर ते करायला तयार आहेत, त्यांना फक्त वरून "किती धडे झाले" असं विचारायचं बंद करा. आणि त्यांच्याकडून ह्या वर्षी शाळेबाहेरची कामं काढून घ्या. सर्व्हे करायला माझ्यासारखे रिकामे पुष्कळ आहेत.

आठवी ते बारावीच्या ज्या मुली ऑक्टोबरपासून एकदाही आल्या नाहीत त्यांची शाळावार यादी करा आणि घरी जा. मुख्याध्यापकाला पत्र पाठवून नाही, माणूस पाठवून. ती कुठं आहे ते गावात सगळ्यांना माहीत असतं, विचारणारा लागतो. आणि संप मिटेपर्यंत ज्या गावाहून मुली चालत येऊ शकत नाहीत तिथं शाळेच्या वेळेला एखादी जीप लावा, भाडं ग्रामपंचायतीला द्या, आम्ही लावून घेतो.

फडातून परत येणाऱ्या लेकरांना मे महिन्यात वर्ग द्या, जेवणासकट. त्यांना जूनमध्ये थेट पुढच्या वर्गात ढकलू नका.

दहावी-बारावीचं मात्र एक बरोबर केलंत. डिसेंबरात तारखा दिल्या, बारावी ४ मार्च, दहावी १५ मार्च, आणि पेपर ऑफलाइन. आता कुणी कितीही आरडाओरडा केला तरी ते बदलू नका. मागच्या वर्षी परीक्षा न होता दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला तेव्हा आमच्या गावात पेढे पण कुणी मनापासून वाटले नाहीत, पोरांनाच लाज वाटत होती. फक्त परीक्षा ऑफलाइन पाहिजे तर त्याच्या आधी पोरं शाळेत बसली पाहिजेत, नववी आणि अकरावी पण, कारण पुढच्या वर्षी तेच बसणार आहेत.

आमच्या शाळा व्यवस्थापन समितीनं काल ठराव केलाय की गावात पेशंट नाही, सगळ्या शिक्षकांचे दोन्ही डोस झालेत, शाळा अर्ध्या-अर्ध्या पटानं सुरू करायला परवानगी मिळावी. ग्रामपंचायतीचा ठराव सोमवारी होईल. दोन्ही कागद गटशिक्षणाधिकारी साहेबांकडं आणि तहसील ऑफिसला मी स्वतः नेऊन देणार आहे, आणि एक प्रत तुमच्या ऑफिसला रजिस्टर पोस्टानं. परवानगी द्या, किंवा नाही म्हणा आणि का नाही ते दोन ओळींत लिहा. दोन्हीतलं काहीच नाही जमलं तर निदान पोच तरी द्या.

आपला,
शाळा व्यवस्थापन समितीचा एक पालक सदस्य
(आणि मोबाईलवाला), जि. बीड